कातडीची पेढी

भाजलेल्या बाईची जखम सुकली की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. बाई बरी झाली! आमच्या कोरेगावकडे तरी ही समजूत पक्की आहे. प्रत्यक्षात खोल भाजलेली जखम आपली आपण भरू दिली, तर ती आठवडेच्या आठवडे रेंगाळते आणि भरताना भोवतालची कातडी ओढून घेते. वण जाड होतो, कोपर सरळ होत नाही, मान आखडून हनुवटी छातीकडे खेचली जाते. बँकेत असताना अशा एका बाईंचा अंगठा पैसे काढायच्या स्लिपेवर घ्यायचा होता. बोटे तळहाताशी जखडलेली. अंगठा शाईच्या पॅडवर टेकेना.

कातडी लावण्याची विद्या आपल्याला परकी नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजीला पुण्याकडच्या एका वीटकाम करणाऱ्या जातीतल्या माणसाने कपाळाच्या कातडीचे नाक करून दिले, ती हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली. अभिमान जरूर बाळगावा. पण त्याने आजची जखम भरत नाही.

भाजलेल्यांसाठी आज मेलेली कातडी लवकर काढून तिथे रोग्याच्याच मांडीची पातळ कातडी बसवतात. डाग पुसला जात नाही, पण वण आणि आखडणे पुष्कळ कमी होते. पुढे कित्येक महिने घट्ट पट्टे आणि व्यायाम चुकत नाहीत, ही गोष्ट वेगळी. मात्र निम्मे अंग भाजले तर स्वतःच्या खात्यात शिल्लक कुठली? तिथे दुसऱ्याची कातडी लागते. ती काही आठवड्यांत गळते, पण तोवर जखम झाकते.

मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीला आणि पुण्यातही आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ यांवरचा केवळ पापुद्रा घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत.

सहा तास कमी पडतात म्हणणाऱ्यांनी आठवावे : मुंबईचा मुलगा पोचेपर्यंत आपण मयत ठेवतोच की! फोन करायचे तेवढे कुणाला सुचत नाही. पुण्याहून एवढ्या लांब पथक येईल का, हे मात्र आधीच विचारून ठेवायला हवे. आमच्या घरी पेढीचा नंबर कॅलेंडरशेजारी भिंतीवर लिहिला आहे. सूनबाई अजून तिकडे बघायचे टाळतात.