कानात मेणबत्ती

काही वाद असे असतात की दोन्ही बाजू निम्म्या खऱ्या असतात. इअर कँडलिंगचा वाद त्यातला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कुशीवर झोपायचं. मेणात बुडवलेल्या कापडाची पोकळ नळी कानाच्या भोकात उभी धरायची आणि तिचं वरचं टोक पेटवायचं. म्हणे तापलेली हवा वर चढते आणि तिच्याबरोबर कानातला मळ ओढला जातो. शेवटी नळीचं बूड उलगडून दाखवतात, तर आत पिवळट-तपकिरी चिकट ऐवज! बघणारा गारच पडतो.

गंमत अशी की हीच नळी रिकाम्या पेल्यात धरून जाळली तरी बुडाशी तोच ऐवज सापडतो. आता पेल्याला कुठून आला मळ? ते असतं वितळलेलं मेण आणि जळकं कापड. १९९६ साली 'लॅरिंगोस्कोप' या वैद्यकीय नियतकालिकात हे मोजूनमापून छापून आलं. कानात ओढ निर्माण होत नाही, मळ निघत नाही, उलट काही कानांत मेणच गळलं. त्याच लेखासाठी कान-नाक-घशाच्या १२२ डॉक्टरांना विचारलं, तर या मेणबत्त्यांनी झालेल्या २१ इजा समोर आल्या.

"पण ही होपी आदिवासींची प्राचीन विद्या आहे," असं अमेरिकेतली माझी एक मैत्रीण हिरीरीने सांगते. खुद्द होपी लोक म्हणतात, ही आमची परंपरा नाही, आमचं नाव वापरू नका. प्राचीनतेचा शिक्का मारला की माल खपतो, हे आपल्याला काय नवीन आहे?

तिचा दुसरा मुद्दा मात्र मला झटकून टाकता येत नाही. "मला तिथे बरं वाटतं." वाटत असेलच. अर्धा तास शांत खोली, मंद उजेड, कुणीतरी मायेनं डोक्यावरून हात फिरवतंय. डॉक्टरांकडे तासभर ताटकळून तीन मिनिटं मिळतात. या उणिवेवरच असे धंदे फोफावतात, आणि ती उणीव खरी आहे. पण ते सुख शांततेचं आणि स्पर्शाचं आहे. त्यासाठी कानाशी जाळ कशाला? छान तेल लावून डोकं चोळून घ्यावं!

मोठ्यांनी आपल्या कानांचं काय करायचं ते करावं, असंही मी म्हटलं असतं. पण हल्ली तिच्या मनात घोळतंय ते लेकाला तिथे नेण्याचं. त्याचा कान वारंवार दुखतो. लहान मुलांचा असा कान बहुतेकदा पडद्याच्या पलीकडे, मधल्या कानात सुजलेला असतो. पडद्याच्या अलीकडे धरलेली मेणबत्ती तिथे पोचणार कशी? शिवाय मूल हललं की मेण थेट कानात. भाजणं, पडदा फाटणं, मेणाने कान बंद होऊन शस्त्रक्रिया करावी लागणं, अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या एफडीएने २०१० साली लोकांना सावध केलं होतं, मुलांच्या बाबतीत तर विशेष.

'मला बरं वाटतं' हे स्वतःपुरतं ठीक आहे. पोराच्या वतीने ते कुणी म्हणायचं?