पाळकगृहाची किल्ली

गेल्या आठवड्यात पुण्याहून एका वाचकाचा फोन आला. नाव सांगितलं, पण छापू नका म्हणाले. वय अडतीस. अकरा वर्षं एका ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते, जूनमध्ये राजीनामा दिला. "तुम्ही नोकरी गेलेल्यांवर लिहिता म्हणून विचारतो," ते म्हणाले, "बायोडेटात या अकरा वर्षांच्या जागी काय लिहू?"

जे केलं ते लिहा, म्हटलं. मग ते सांगत गेले आणि मी टिपत गेलो. माणसं पुरली. लग्नं लावली, मोडायला आलेली चार-दोन सांधली. दोन भावांमधला बांधाचा वाद मिटवला. चर्चचे पत्रे बदलायला वर्गणी काढली आणि तिचा पैन्‌पै हिशोब ऑडिटरपुढे ठेवला. दर रविवारी तीनशे माणसांसमोर पंचवीस मिनिटं बोलले, तेही दर वेळी नवीन. नोकरीच्या एका मुलाखतीतल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे सोशल वर्क का?" यांनी मान डोलावली. दुसऱ्या ठिकाणी शिक्षण विचारलं. 'बी. डी.' म्हटल्यावर समोरचे गृहस्थ हसले.

बी. डी. म्हणजे बॅचलर ऑफ डिव्हिनिटी. धूर निघत नाही. आपल्याकडच्या पुष्कळ पाळकांची ही पदवी सेरामपूर कॉलेजच्या सिनेटची असते. हे सेरामपूर बंगालमधलं, आपलं साखर कारखान्यांचं श्रीरामपूर नव्हे; हा खुलासाही मुलाखतीत करावा लागतो. 1818 साली स्थापन झालेल्या या कॉलेजला 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या देण्याची सनद दिली, कारण ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. याच सेरामपूरच्या विल्यम कॅरीने 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. मुंबई विद्यापीठ निघायला तेव्हा अर्धशतक अवकाश होता. एवढी जुनी सनद घेऊन माणूस हिंजवडीतल्या एखाद्या ऑफिसात जातो आणि 'इतर' असा रकाना भरून परत येतो.

हा प्रश्न मला नवा नाही. तो आमच्या घरात राहून गेलाय.

मी आठवीत होतो तेव्हा पप्पांनी पाळकपण सोडलं. नगर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, चर्चला लागून कौलारू पाळकगृह, अंगणात चिंच. चौदा वर्षं त्यांनी तिथे काढली होती. राजीनामा दिल्यावर कमिटीने घर सोडायला एक महिना दिला. शेवटच्या दिवशी पप्पांनी किल्ली नेऊन दिली तेव्हा खजिनदारांनी रीतसर पावती फाडली : किल्ली 1, कुलूप 1, पंखे 2, पाण्याची टाकी 1, सुस्थितीत मिळाले. ती पावती माझ्याकडे आहे. चौदा वर्षांचा दुसरा कुठलाही कागद नाही.

कारण काय, हे सगळ्यांना हवं होतं. गावात तीन कारणं फिरत होती : पैशाचं, बाईचं, आणि परदेशी जाण्याचं. खरं कारण यातलं एकही नव्हतं, आणि जे होतं ते सांगूनही कोणाला पटलं नसतं. मिशनच्या जमिनीवरून भांडणं होती हे खरं, कोर्टात तारखा पडत होत्या. पण ती आधीही होती. मला त्यांनी पुष्कळ वर्षांनी सांगितलं. म्हणाले, "बायबल उघडलं की मला तीन मुद्दे दिसायचे. वचन दिसायचं नाही. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन, मग एक गोष्ट, मग प्रार्थना. रविवारसाठी वाचता वाचता मी माझ्यासाठी वाचायचं विसरलो." ते थकले होते, पण त्यांचा विश्वास गेला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे त्यांच्या वरिष्ठांनाही मान्य नव्हतं.

त्यांना एका छापखान्यात प्रुफं तपासायचं काम मिळालं. खिळे जुळवून ट्रेडलवर छापायचे ते शेवटचे दिवस. लग्नपत्रिका, सहकारी सोसायट्यांचे अहवाल, निवडणुकीची पत्रकं. कालपर्यंत ज्यांना लोक 'पास्टरसाहेब' म्हणून वाकून सलाम करायचे, ते आज 'चि. सौ. कां.'मधली टिंबं मोजत बसलेले. मला लाज वाटायची, ती आता कबूल करतो. त्यांना मात्र ते काम आवडलं. प्रूफ वाचताना अर्थ शोधायचा नसतो, अक्षर बघायचं असतं. वर्ष-सव्वा वर्षाने एक दिवस ते घरी पुन्हा बायबल घेऊन बसले. आई म्हणाली, "आता तरी काही दिसतंय का?" पप्पा म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका दिसल्या."

पण खरा पेच रविवारी सकाळी पडायचा. चर्चमध्ये बसायचं कुठे? चौदा वर्षं ते लोकांकडे तोंड करून उभे राहिले होते. पुढच्या बाकावर बसावं तर नव्या पाळकाला वाटायचं, जुना परीक्षा घ्यायला आलाय. मागे बसावं तर लोक वळून वळून बघायचे. शिवाय चांगल्या मिशनरी शिस्तीत असा संकेतच आहे की, गेलेल्या पाळकाने जुन्या मंडळीत रेंगाळू नये. नव्याला मोकळं राहू द्यावं. संकेत शहाणपणाचा आहे, पण तालुक्याच्या गावात दुसरं चर्च आणायचं कुठून? शेवटी ते दाराजवळच्या बाकावर, खांबाआड बसू लागले. मी शेजारी असायचो. उपासना संपताना नवे पाळक आशीर्वचनासाठी हात उचलायचे, की पप्पांचा उजवा हात कोपरापासून आपोआप वर यायचा. चार-सहा इंच. मग त्यांच्या लक्षात यायचं आणि ते तो पुढच्या बाकाच्या पाठीवर ठेवून द्यायचे. हे बरीच वर्षं चाललं.

आणि आई? पाळकाच्या बायकोला पगार नसतो, पण काम पाळकाइतकंच असतं. शब्बाथ शाळा, महिला मंडळ, पेटी वाजवणं, आजाऱ्याला डबा, नाताळात साठ जणांचा चहा. राजीनामा पप्पांनी दिला आणि नोकरी दोघांची गेली. पप्पांना निदान राजीनामा लिहायला मिळाला. 'पाळकीणबाई' म्हणून हाक मारणाऱ्या बायका बाजारात भेटल्या की हाक मारण्याआधी क्षणभर थांबायच्या. तिचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. तिने शिवणाचं मशीन घेतलं आणि दारावर पाटी लावली तेव्हा गावाला ते कळलं.

मिशनची सेवा सोडण्याच्या या विषयात आपल्याकडचं सगळ्यात मोठं नाव म्हणजे नारायण वामन टिळक. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, मग नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षं काम, 'ज्ञानोदय'चं संपादन. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तिथे एकत्र यावेत ही कल्पना. फार दिवस मिळाले नाहीत. 9 मे 1919 ला मुंबईत ते वारले. 'रेव्हरंड' मात्र त्यांच्या नावापुढून कधीच गेलं नाही. आजही आपण तसंच छापतो. त्यांच्यामागे संसार रेटणाऱ्या पत्नी लक्ष्मीबाईंची बाजू 'स्मृतिचित्रे'त आहे. टिळकांविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ती आधी वाचावी असं माझं मत आहे.

टिळकांचं नाव पप्पांनाही लोक ऐकवायचे, टोमणा म्हणून. "टिळकांनीही सोडलं, पण कशासाठी!" आमच्या समाजाला सोडणाऱ्याचं एवढं एकच चित्र ठाऊक आहे : अधिक उंच डोंगर चढायला निघालेला माणूस. संन्यास घ्या, आश्रम काढा, तुम्हाला हार घालू. प्रुफं तपासायला किंवा विमा विकायला निघालेल्यासाठी आमच्याकडे चित्रच नाही. तो एकतर पडला किंवा विकला गेला. 'पाचारण' हा शब्द आमच्या भाषेत आहे. कोणी आत आलं की साक्ष होते, हात ठेवून दीक्षा होते, फोटो निघतो. बाहेर पडण्याला शब्दही नाही, विधीही नाही. असते ती किल्लीची पावती.

कॅथलिकांकडे निदान नियम कागदावर आहेत. वसईतल्या वाचकांना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील. 1983 च्या धर्मसंहितेचं कलम 290 म्हणतं की, एकदा वैध रीतीने झालेली गुरुदीक्षा कधीच रद्द होत नाही. धर्मगुरूचे अधिकार आणि कर्तव्यं काढून घेता येतात, दीक्षा नाही. ब्रह्मचर्यातून सुटकाही आपोआप मिळत नाही, ती पोपकडूनच यावी लागते. आणि कलम 976 तर मला एखाद्या कथेसारखं वाटतं. कोणी मरणाच्या दारात असेल तर अधिकार गेलेला धर्मगुरूही त्याचा पापनिवेदन संस्कार करू शकतो, आणि तो पूर्ण ग्राह्य. म्हणजे बँकेत काउंटरवर बसलेला, दोन मुलांचा बाप झालेला माणूस हायवेवर अपघात पाहून गाडी थांबवतो तेव्हा त्या दहा मिनिटांपुरता तो पुन्हा धर्मगुरू असतो.

त्याच संहितेचं कलम 702 मात्र एवढं हळवं नाही. संस्थेतून बाहेर पडलेल्या व्रतस्थाला, मग ती सिस्टर असो वा ब्रदर, तिथे केलेल्या कामाबद्दल काहीही मागता येत नाही. लगेच पुढचं वाक्य म्हणतं की, संस्थेने मात्र त्या व्यक्तीशी न्यायाने आणि शुभवर्तमानाला शोभेल अशा प्रेमाने वागावं. मागण्याचा हक्क नाही, देण्याचं बंधन आहे. वीस-पंचवीस वर्षं शाळेत शिकवून, पगार संस्थेच्या खात्यात जमा करून पन्नाशीत बाहेर पडणाऱ्या सिस्टरचं पुढचं आयुष्य या दुसऱ्या वाक्यावर अवलंबून राहतं, म्हणजे त्या वर्षी वरिष्ठपदी कोण आहे त्यावर.

आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत ते दुसरं वाक्यही लिहिलेलं नसतं. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लागतो. एकट्या मंडळीत पगारी माणसं किती? पाळक, घंटा वाजवणारा सेवक, फार तर कारकून. मोठ्या चर्चसंस्थांनी आपापले निधी ठेवलेत, पण स्वतंत्र मंडळ्यांचा सगळा भरवसा देवावर आणि दानपात्रावर. त्यांतल्या कोणी पाळकाने पगाराचा विषय काढला की मंडळीचे पंच म्हणतात, "पास्टर, ही काय नोकरी आहे का? हे पाचारण आहे." तोच पाळक राजीनामा देतो तेव्हा तेच पंच म्हणतात, "नोकरी सोडली ना? मग क्वार्टर रिकामं करा." पगार वाढवताना पाचारण आणि घर काढून घेताना नोकरी, असं दोन्हीकडून चालणार नाही.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर पंच मला पत्रं लिहितील. नवा पाळक बायका-पोरांसह येऊन उभा असतो, त्याला घर हवंच. मंडळीकडे दुसरं घर नसतं. आणि काही पाळक जाताना अर्धी मंडळी फोडून शेजारच्या हॉलमध्ये भक्ती सुरू करतात, तेव्हा कमिटीचा जीव जातो. हे सगळं मान्य. त्यावर उपाय एक महिन्याची मुदत हा नाही. राजीनाम्याआधी, नेमणुकीच्याच पत्रात लिहून ठेवणं हा आहे.

मार्चअखेर हिशोब मिटले की ठिकठिकाणच्या मंडळ्यांच्या वार्षिक सभा सुरू होतील. ख्रिस्ती वाचकांना माझी विनंती आहे की, छपराच्या आणि साउंड सिस्टीमच्या विषयांआधी हा विषय घ्या. सोडणाऱ्या पाळकाच्या कुटुंबाला सहा महिने घर किंवा तेवढं घरभाडं. दर महिन्याला त्याच्या नावावर काही रक्कम, जी तो कोणत्याही कारणाने गेला तरी त्याचीच. पाळकाच्या बायकोकडून काम घेता, तर तिला मानधन. आणि मंडळीच्या लेटरहेडवर, शिक्क्यासह अनुभवाचा दाखला, ज्यात तो काय काय करत होता हे बाहेरच्या माणसाला कळेल अशा मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेलं असेल. या शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

पुण्याच्या त्या गृहस्थांनी दाखल्यासाठी दोनदा अर्ज केलाय. परवापर्यंत उत्तर आलेलं नव्हतं.