आधी हमालाच्या पायात बूट

व्यायामशाळेत जाणारी वस्तीतली पोरं वजन उचलायच्या खास बुटांसाठी घरी हट्ट धरतात. सांगलीच्या संकेत सरगरने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दोन्ही प्रकारांत मिळून 248 किलो उचलून रौप्यपदक आणलं. त्या पातळीवर असे बूट कामाचे. त्यांची टाच उंच आणि कडक असते, त्यामुळे खोल बसताना तोल राहतो. नवशिक्याला सपाट, टणक तळव्याचा साधा कॅनव्हासचा बूट पुरतो. मऊ, फुगीर बूट मात्र नको, तो वजनाखाली दबतो.

आम्हाला काळजी वेगळीच आहे. इथं सांगोल्यात डाळिंबाचे क्रेट, पन्नास किलोची पोती उचलणारे आपले बाप-भाऊ रबरी स्लिपरवर राबतात. ओल्या फरशीवर स्लिपर सटकते, क्रेट बोटांवर येतो. नर्स असताना अशी ठेचलेली बोटं आम्ही किती धुतली, मोजदाद नाही. त्यात साखरेचा आजार असला तर पाय जाण्याची भीती. त्यांना पुढं लोखंडी टोपी असलेला, न घसरणारा बूट हवा.

1969 च्या माथाडी कायद्यात हमालांच्या आरोग्य-सुरक्षेची तरतूद आहे. तिच्या आधाराने टोळीने लेखी मागणी करावी. अर्ज लिहायला आम्ही येऊन बसू. तोवर घरात एकाच जोडीचे पैसे असतील, तर पोरानं थांबावं.