आधी ठिणगी बघा, मग बिल करा!

तर मंडळी, आमच्याकडे आजोबांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसी, कार्ब्युरेटरवाली. यंदा पावसाळाभर उभीच होती. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढायला गेलो, तर स्टार्टर मस्त फिरतोय, पण गाडी चालू व्हायचं नाव नाही.

मेकॅनिक आला. आधी बॅटरी बदलली. (अहो, स्टार्टर जोरात फिरतोय ना, मग बॅटरी कशाला?) मग प्लग. मग कार्ब्युरेटरचं किट. साडेनऊ हजार गेले आणि निदान काय, तर "जुनी गाडी आहे साहेब, इंजिन उतरवावं लागेल." बाबा वैतागून म्हणाले, "देऊन टाकू भंगारात." आजी काहीच बोलली नाही, उठून आत गेली.

याला दुरुस्ती म्हणत नाहीत, मटका म्हणतात.

पेट्रोल इंजिनाला लागतं काय? हवा-पेट्रोलचं मिश्रण, दाब आणि योग्य वेळी ठिणगी. बस्स. चौथं कारण नाही. रविवारी मीच बसलो. प्लग काढला, तो पेट्रोलने ओला. म्हणजे पेट्रोल पोचतंय, कार्ब्युरेटर निर्दोष! वाफा जाऊ दिल्या, कोरडा प्लग वायरला लावून कार्ब्युरेटरपासून लांब इंजिनाच्या लोखंडाला टेकवला, स्टार्टर मारला. ठिणगी नाही. कॉइलमधून येणारी मधली वायर तपासली. तिथेही नाही. म्हणजे रोटर आणि प्लगच्या वायरींच्या आधीच घोळ आहे. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली, तर कॉन्टॅक्ट पॉइंटवर चार महिन्यांच्या ओलीचा राखाडी थर. पॉलिश पेपरने घासलं, फीलर गेजने फट लावली. अर्धा तास. दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू!

यात माझी हुशारी शून्य. इंजिनियरिंगला फोर स्ट्रोकच्या आकृत्या घोकून मार्क मिळवलेला मी प्राणी. फक्त एका वेळी एकच गोष्ट तपासली, आणि तिच्या उत्तरावरून पुढची ठरवली.

आता मेकॅनिकला शिव्या घालून मोकळं होणं सोपं आहे. पण तो तरी काय करेल? पार्ट बदलला की आपण मुकाट्याने पैसे देतो. "तासभर तपासलं, पॉइंट घासले" म्हणाला असता, तर "घासायचे एवढे पैसे?" म्हणून आपणच हुज्जत घातली असती. डोकं वापरायचे पैसे मिळणार नसतील, तर तो पार्टच विकणार ना!

आणि आपण कोणत्या तोंडाने बोलायचं? रात्री दोनला सर्व्हर झोपला की आपण काय करतो? रीस्टार्ट. लॉग उद्या बघू. तो उद्या कधी येतो का?

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, तेव्हा फोटो टाकून गळे काढणारे आपणच. गाड्या वाचवायच्या असतील तर गळे नकोत, तपासणीचे पैसे द्या. रोख. पार्टच्या आधी.

असो. आजी आता पुढच्या सीटवर बसून चक्कर मारायला सांगतेय. निघतो :)