आर्ट्स कॉलेजातलं भौतिकशास्त्र

"कॉलेजचं नाव काय म्हणालात?" गेल्या दीड वर्षात हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला की आता उत्तर देण्याआधीच आम्हाला हसू येतं. आमची धाकटी अमेरिकेत ओहायो राज्यात भौतिकशास्त्र शिकते आहे. जेमतेम दोन हजार मुलांचं कॉलेज, नाव कुणी ऐकलेलं नाही. त्यात ते 'लिबरल आर्ट्स' कॉलेज. 'आर्ट्स' ऐकून तिच्या दादींना वाटलं, पोरगी चित्रकला शिकायला चालली!

तसं नाही. या कॉलेजांत फक्त पदवीपर्यंतचं शिक्षण असतं. विज्ञानाच्या मुलालाही इतिहास, तत्त्वज्ञान, एखादी भाषा घ्यावी लागते आणि मुख्य विषय बहुधा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा. भौतिकशास्त्र शिकूनही पदवी मात्र अनेक ठिकाणी बी.ए.ची मिळते. हे नातेवाइकांना समजावणं क्वांटम मेकॅनिक्सपेक्षा अवघड.

आमची धास्ती वेगळीच होती. फी ऐकून पोटात गोळा आला. अ‍ॅमहर्स्टसारखी मोजकी कॉलेजं परदेशी मुलांनाही प्रवेश देताना घरची ऐपत पाहत नाहीत, आणि लागेल तेवढी मदत देतात. बाकीची बहुतेक पाहतात. व्याजाचं कर्ज काढायचं नाही, हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं. मदत मिळाली तर जा, नाही तर पुण्यात बी.एस्सी. कर, असं तिला स्पष्ट सांगितलं. ती काही बोलली नाही. पत्र येईपर्यंतचे ते तीन आठवडे घरात कुणी नीट जेवलं नाही.

ओहायोतल्या अशाच दोन कॉलेजांतून पुढे नोबेल मिळवणारे दोन शास्त्रज्ञ निघाले, हे आम्हाला नंतर कळलं. आर्थर कॉम्प्टन वूस्टर कॉलेजचे, रॉबर्ट मिलिकन ओबर्लिनचे. मिलिकन यांची गोष्ट तर गमतीची. त्यांना भौतिकशास्त्र येत नव्हतं, पण ग्रीकच्या प्राध्यापकांनीच त्यांना ते शिकवायला सांगितलं. शिकवता शिकवता ते स्वतः शिकले, आणि 1923 साली नोबेल मिळालं.

आमच्या लेकीला तिथे काय लाभलं, ते सांगतो. कॉलेजात पीएच.डी. करणारी मुलंच नाहीत. मग प्राध्यापकांच्या प्रयोगाला हात कुणाचे? पदवीच्या मुलांचे. ओरेगनच्या रीड कॉलेजात तर 1968 पासून अणुभट्टी आहे आणि परवाना मिळवून ती चालवतात विद्यार्थी, त्यांत साहित्याचे विद्यार्थीसुद्धा. हिच्या एका वर्गात सातच जण. गणित सोडवलं नसेल तर लपायला मागचा बाकच नाही. पहिल्या सत्रात ती फोनवर रडायची.

उणिवाही आहेत. शिक्षक थोडे, म्हणून वरचे काही विषय वर्षाआड शिकवतात. एकदा चुकला की दोन वर्षं थांबा. उन्हाळ्यात दुसऱ्या विद्यापीठात संशोधनाला जाण्याच्या सरकारी योजना बहुतेक त्यांच्याच नागरिकांसाठी. आपल्या मुलांना स्वतःच्या प्राध्यापकांचीच दारं ठोठवावी लागतात. पाठवण्याआधी हे विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

आमची फजरची नमाज आटोपते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. तेव्हा तिचा फोन येतो. सध्या मिलिकन यांचाच प्रयोग चालू आहे. अत्तराच्या फवाऱ्यासारख्या फवाऱ्याने तेलाचे बारीक थेंब दोन पत्र्यांमध्ये सोडायचे, आणि विजेच्या जोरावर वर-खाली होणारा एकेक थेंब सूक्ष्मदर्शकातून पाहत वेळ मोजायचा. त्यातून इलेक्ट्रॉनचा भार काढायचा. डोळे दुखतात म्हणते, उत्तर अजून चुकतं म्हणते. परवा दादींनी फोन हातात घेऊन विचारलं, "बेटा, सापडला का गं तो?"

"थेंब निसटला, दादी. उद्या परत बसते."