तुरुंगातून आलेला माणूस मंदिरात चालेल का?



आज स्वयंपाकाचं काही नाही. दशलक्षणात हिरव्या भाज्यांऐवजी काय करायचं असं विचारणाऱ्यांना पुढच्या वेळी सांगते. आज जरा भांडायचं आहे, आणि तेही आपल्यातल्याच बायकांशी.

आमच्या गावच्या मंदिरात महिन्याभरापासून एक माणूस आरतीला येतो. दाराशी उभा राहतो, पुढे येत नाही. शेताच्या बांधावरून भाऊबंदकीत त्यानं खून केला, जन्मठेप झाली, चौदा वर्षांहून जास्त आत काढली आणि आता सुटून आलाय. आमच्या महिला मंडळात ठराव आलाय की पंचांना सांगून त्याचं येणं बंद करावं. बैठकीत एक अक्का म्हणाल्या, "ते सगळं चर्चमध्ये चालतं. तिथं पाप सांगितलं की सुटलं. आपल्यात कर्म भोगावं लागतं." निम्म्या जणींनी माना हलवल्या. मी गप्प बसले. घरी आल्यावर त्या गप्प बसण्याची लाज वाटली, म्हणून हे लिहितेय.

आधी चर्चचंच बघू. इंदूरच्या बाजूला राणी मारिया नावाच्या एक सिस्टर आदिवासींमध्ये काम करायच्या. सावकारांच्या कचाट्यातून त्यांना सोडवायच्या, म्हणून सावकारांच्या डोळ्यांवर आल्या. २५ फेब्रुवारी १९९५ ला भर बसमध्ये, लोकांदेखत, त्यांना भोसकून मारलं. पन्नासच्या वर वार होते. मारणारा समंदरसिंह. २००२ साली राणी मारियांची सख्खी धाकटी बहीण, सेल्मी पॉल, त्याही सिस्टरच, तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या हाताला राखी बांधली. पुढे घरच्यांनीच त्याच्या सुटकेसाठी अर्जावर सह्या केल्या. २००६ ला तो सुटला आणि केरळला त्यांच्या घरी गेला. त्या आईनं त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं. २०१७ च्या नोव्हेंबरात इंदूरला राणी मारियांना धन्य घोषित केलं, त्या सोहळ्यात हा माणूस हजर होता.

"पाप सांगितलं की सुटलं" असं यात कुठे दिसतं, अक्का? अकरा वर्षं तुरुंगात गेली. आणि माफी कुठल्या कमिटीनं दिली नाही, जिची बहीण गेली तिनं आणि जिची मुलगी गेली तिनं दिली. चर्च नंतर आलं.

पण मी चर्चची आरती ओवाळायला बसलेली नाही. त्याच २००२ साली अमेरिकेत बोस्टन शहरातलं प्रकरण वर्तमानपत्रानं उघडं केलं. लहान मुलांशी वाईट वागलेल्या धर्मगुरूंना वरच्यांनी वर्षानुवर्षं पाठीशी घातलं होतं. एका चर्चमध्ये बोभाटा झाला की दुसऱ्या चर्चमध्ये बदली, आणि तिथल्या आईबापांना काही सांगायचं नाही. वर्षाअखेरीस तिथल्या कार्डिनलना पद सोडावं लागलं. क्षमेची भाषा तिथेही होतीच. फरक एवढाच की इंदूरला माणसाला जवळ घेतलं, आणि बोस्टनला त्याच्या हातात पुन्हा मुलं दिली. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं स्वागतही करू नये आणि बंदीही घालू नये.

आता आपलं. सम्यग्दर्शनाची आठ अंगं पाठशाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलीत. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडकात पहिल्या, निःशंकित अंगाला उदाहरण कुणाचं दिलं? अंजन चोराचं. राजा नाही, श्रेष्ठी नाही. वेश्येच्या हट्टासाठी हार चोरून पळणारा माणूस. मंत्र साधायला शिंक्यात बसलेला भला माणूस खालची शस्त्रं बघून कचरत होता, आणि या चोरानं एका घावात दोर कापले. तो पुढे दीक्षा घेऊन मोक्षाला गेला हे आपण मुलांना कौतुकानं सांगतो. जंबूस्वामींच्या घरी चोरीला आलेल्या विद्युच्चराचंही तेच. गोष्टीतला चोर चालतो, दारातला चालत नाही.

कर्माचं अक्का म्हणाल्या ते खरंच आहे. आपल्यात कुणी कुणाचं कर्म माफ करत नाही, भगवंतसुद्धा नाही. पण मग निर्जरा कशानं व्हायची? स्वाध्यायानं, तपानं, प्रतिक्रमणानं. आणि ते करायला यायचं कुठे? ज्याचं कर्म जड त्यालाच दार बंद केलं तर आत आपण काय एकमेकींची पुण्यं मोजत बसायची?

आता तिसऱ्या मताच्या बायकांकडे वळते. त्या म्हणतात, उपगूहन पाळा, झालं गेलं झाकून टाका, त्याला पाठशाळेत किंवा भांडारात काही काम द्या म्हणजे रमेल. अहो, उपगूहनाची गोष्ट तरी नीट वाचा. जिनेंद्रभक्त शेठनी ब्रह्मचाऱ्याच्या वेशातल्या चोराला मंदिरातल्या रत्नाची राखण दिली, त्यानं तेच पळवलं. पकडला गेला तेव्हा धर्माची निंदा नको म्हणून शेठनी चारचौघांत त्याला वाचवलं, हे सगळे सांगतात. पण नंतर रात्री त्याला हाकलून दिलं, हे कुणी सांगत नाही. पुन्हा राखणीला बसवलं नाही! आमच्या या माणसालाही दर्शन मोकळं, स्वाध्याय मोकळा, भांडाराची किल्ली नाही. आणि गुन्हा मुलाबाळांशी किंवा बाईशी असता तर मी म्हटलं असतं, सोबत एक जाणता माणूस असल्याशिवाय आवारात पाय नाही, आणि पाठशाळेच्या वेळी तर मुळीच नाही.

आणखी एक बोलून टाकते, राग आला तरी चालेल. पतसंस्था बुडवून विधवांच्या ठेवी खाल्लेली माणसं पंचकल्याणकात इंद्राचा सवाल घेतात तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. त्यांच्या बायका पहिल्या रांगेत बसतात. त्या वेळी ठराव का नाही आला? खून करणारा निदान शिक्षा भोगून आलाय. आपल्याच सांगली जिल्ह्यात, आटपाडीजवळ, औंध संस्थानानं १९३९ साली स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढून खुनाचे कैदी भिंतीशिवाय ठेवून दाखवले. 'दो आँखें बारह हाथ' बघून आपण रडतो ते त्याच प्रयोगावरून सुचलं.

राहिली ती, जिचा नवरा गेला. ठराव तिच्यासाठीच आहे असं म्हणतात. पण तिला विचारलं कुणी? या वर्षांत तिच्या उसाच्या पाण्याच्या पाळीला रात्री दीर आले, आपल्या मंडळातलं कुणी गेलं नाही. मीही नाही. परवा पहिल्यांदा तिच्या घरी गेले. पाच मिनिटं ती बोललीच नाही, तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "मी सकाळी अभिषेकाला येते. त्यानं सकाळी येऊ नये. क्षमावाणीला मला त्याच्यासमोर उभं करू नका. बाकी देव माझ्या एकटीचा नाही."

एवढंच तिचं मागणं आहे, आणि ते आपण शब्दशः पाळावं. क्षमा मागणं त्याचं काम आहे. ती द्यायची की नाही, कधी द्यायची, हे तिच्या मनावर. इंदूरची गोष्ट सांगून तिला कुणी टोचू नये. राणी मारियांच्या आईनं जे केलं ते कुणी तिच्याकडून वसूल केलं नव्हतं.

ठरावावर माझी सही नाही. सकाळची वेळ तिची, संध्याकाळची आरती त्याची, आणि किल्ल्या पंचांकडेच, असं मी लिहून नेतेय. रविवारी चार वाजता बैठक आहे. ज्यांना माझं पटत नाही त्यांनीही यावं, पण येण्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन यावं.