वांझ कोण, हे तपासल्याशिवाय ठरवणारे तुम्ही कोण?



माळशिरस तालुक्यात लग्नाला तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की बोट कुणाकडे जातं? सुनेकडे. तिचेच उपासतापास, तिच्याच तपासण्या, आणि शेवटी पोराचं दुसरं लग्न. पोराच्या वीर्याची साधी तपासणी मात्र करायची नाही. मर्दानगीला बट्टा लागतो म्हणे! मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातही दोष असतो, हे वैद्यकशास्त्र केव्हाचं सांगतंय.

मूल न होणाऱ्या बायकोला आठव्या वर्षी बाजूला सारायची मुभा मनुस्मृतीने दिली. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती पोथी जाळली गेली. मग आपल्याच वस्तीत तिचा कायदा कसा चालतो?

याच लपवालपवीवर आता नवा धंदा उभा राहतो: ‘स्टेम सेलने शुक्रजंतू वाढवा.’ आम्ही विज्ञानाच्या विरोधात नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत राल्फ ब्रिन्स्टर यांनी वांझ उंदरांत मूळ पेशी सोडून शुक्रजंतू तयार केले. २०११ मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात मूळ पेशींपासून बनलेल्या शुक्रजंतूंतून उंदराची निरोगी पिल्लं जन्मली. मोठं काम आहे. पण ते उंदरांवरचं आहे. माणसासाठी हा अजून प्रयोगच आहे, सिद्ध उपचार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपचार सोडले, तर मूळ पेशी फक्त मंजूर चाचणीतच वापरायच्या आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. मग जो पैसे मागतो, तो संशोधक की दुकानदार? ऊसतोडीची उचल अशा दुकानात ओतायची का? बुवाचा अंगारा आणि न सिद्ध झालेलं इंजेक्शन, दोन्ही आंधळ्या आशेवरच विकली जातात.

१९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर ‘समाजस्वास्थ्य’मधल्या लैंगिक प्रश्नोत्तरांसाठी अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने बाबासाहेब कोर्टात उभे राहिले. आणि आपण त्यांचे अनुयायी म्हणवून घेणारे, वीर्यतपासणी हा शब्द उच्चारायला लाजतो?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात वीर्यतपासणी मोफत करा, आणि बाईसोबत पुरुषाचीही तपासणी पहिल्याच भेटीत करा. कारण सापडलं, तर अनेकदा साध्या औषधाने किंवा शस्त्रक्रियेने फरक पडतो. नाही पडला, तरी दोष तिच्या माथी मारता येणार नाही.

तरुणांनो, सुरुवात आपल्यापासून करा. आधी स्वतःचा रिपोर्ट आणा, मग बायकोकडे बोट दाखवायची हिंमत होते का बघा!